माळ्यावरच्या अकरा वह्या

पत्र :

‘ताई, मी ७२ वर्षांचा आहे. कुडाळ तालुक्यात राहतो. एसटीच्या डेपोत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, २०११ मध्ये निवृत्त झालो. पण नोकरीत जीव कधी रमला नाही, डोक्यात सतत काहीतरी धंदा. १९८४ पासून व्हिडिओ कॅसेट भाड्याने दिल्या, लग्नपत्रिका छापल्या, एसटीडी बूथ चालवला, सागवानाच्या योजनेची एजन्सी घेतली, कोकम सरबत केलं, सासऱ्यांच्या पोफळीत व्हॅनिला लावली, सायबर कॅफे काढला, धिंगरी अळंबी केली, आणखीही दोन-तीन. नोकरीचा नियम आड येतो म्हणून सगळं सौ.च्या नावावर. नवीन काही सुचलं की ती म्हणायची, “ह्यांचो नवो धंदो इलो!” प्रत्येक धंद्याची वेगळी वही. अशा अकरा वह्या माळ्यावर आहेत.

‘आता मुलगा कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधतोय, माळा रिकामा करायचाय. वह्या काढून बेरीज केली. घातले ४,१८,०००, आले ३,७६,०००. सव्वीस वर्षांच्या धडपडीचं फळ ४२,००० तोटा. सागवानात डेपोतल्या काही मित्रांचे पैसे अडकले, कंपनीच गेली, त्यात माझा काय दोष? इमूपालन मात्र राहूनच गेलं, सौ.ने सही दिली नाही. एकच धंदा धरून राहिलो असतो तर कुठे पोचलो असतो, हा विचार झोपू देत नाही. नातू म्हणतो पुस्तक लिहा, मुलगा म्हणतो रद्दीत द्या. सौ.ला या विषयात रस नाही, वह्या काढल्या की ती उठून आत जाते. आणि खरं सांगतो, नव्या घराच्या वरच्या मजल्यावर पर्यटकांसाठी दोन खोल्यांची न्याहारी-निवासाची सोय करावी, असं मनात आहे. मुलाचा विरोध आहे. वह्यांचं काय करू? आयुष्य फुकट गेलं का? सोबत बूथच्या वहीच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडतोय.

— एक उद्योगी’

नमस्कार भाऊ,

झेरॉक्स आधी बघितली, पत्र नंतर वाचलं. सवय जात नाही. मी बँकेत असताना निम्मी नोकरी कर्जाच्या टेबलावर काढली. वहीचं पान हातात आलं की नजर आधी अक्षरावर जाते आणि मग भांडवलाच्या ओळीवर. अक्षर सुरेख आहे तुमचं, एक आकडा खोडलेला नाही. आणि भांडवलाची ओळ अशी : ‘दसरा, १९९१. सौ.च्या २ बांगड्या मोडून ८,०००. सोसायटी कर्ज १०,०००. स्वतःचे ४,५००.’ खाली केबिन, पंखा, पिवळा बोर्ड, अनामत. सोसायटीच्या कर्जापुढे नंतर कधीतरी लाल शाईने लिहिलंय, ‘फेड पूर्ण, मार्च ९४’. बांगड्यांपुढची जागा कोरी आहे.

त्या कोऱ्या जागेकडे मी येणार आहे. आधी तुमच्या बेरजेचं बघू, कारण ती चुकली आहे, आणि हिशेबाच्या टेबलावर आयुष्य गेलेल्या माणसाला हे सांगताना मला थोडी मजाही येते आहे.

१९८४ चा रुपया आणि २००८ चा रुपया तुम्ही एका रकान्यात मांडून बेरीज मारली. पोफळं आणि नारळ एकत्र मोजून ‘एवढे नग’ म्हणावं तसं झालं ते. दुसरं असं, बूथच्या गल्ल्यातून दूध, गिरणीवरचं दळण, मुलांची फी, चतुर्थीचा खर्च गेला नसेल असं तुम्ही मला शपथेवर सांगा. छोट्या धंद्याच्या शेकडो वह्या मी तपासल्या आहेत. घरखर्चासाठीची उचल लिहिणारा माणूस क्वचित भेटला, आणि लिहिलीच तर दहातली एक. तुमच्या घराने तेरा वर्षं त्या गल्ल्यातून खाल्लं आणि वहीत ते ‘आले’ या बाजूला चढलंच नाही. म्हणजे ४२,००० चा तोटा हा तोटा नाही. पण लगेच खूश होऊ नका. तिसरीही एक चूक आहे आणि ती उलट्या बाजूची आहे. अकरा वह्यांत मजुरी हे सदर कुठे आहे का? मला वाटतं नसणार.

तुम्ही दहा ते सहा डेपोत. मग बूथवर कोण बसायचं?

ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडं लिहिते, तुम्हाला माहीतच आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी देशभर परगावी फोन लावायच्या एसटीडी बूथचे पिवळे बोर्ड लागायला सुरुवात झाली. तोवर मुंबईला फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून पोस्टात बसायचं. बूथ आले आणि कोकणात तर घराघरातला माणूस मुंबईत, त्यामुळे एसटी स्टँडजवळची केबिन म्हणजे गावाचा कान. दिवसा पूर्ण दर, संध्याकाळनंतर कमी आणि रात्री अकरानंतर पाव. म्हणून गर्दी कधी, तर रात्री अकराला. बाहेर बाकड्यावर डासांना हाकत बसलेली माणसं, आत काचेच्या मागे कोणीतरी ओरडून बोलतंय, समोर लाल आकडे पळताहेत, आणि फोन ठेवला की कर्रकर्र करत पावती बाहेर. शिवाय तिकडून येणारे फोन. अर्ध्या गावाने मुंबईकरांना ‘पीपी नंबर’, म्हणजे निरोपाचा नंबर, म्हणून बूथचाच नंबर दिलेला असायचा. फोन आला की ‘दहा मिनिटांनी परत करा’ सांगून कोणीतरी वाडीत धावत जायचं. कोणाला नोकरी लागली, कोणाचं बाळंतपण झालं, कोण गेलं, हे त्या घरातल्या माणसांच्या आधी बूथवरच्या माणसाला कळायचं. मयताचा निरोप घेऊन अंधारात कोणाच्या खळ्यात जाऊन उभं राहायचं आणि पहिलं वाक्य काय बोलायचं, हे काम तुमच्या घरात कोणी केलं? त्याचं कमिशन मिळत नसे.

मी माझ्या पद्धतीने हिशेब मांडला. संध्याकाळचे आणि रात्रीचे मिळून रोज पाच तास धरते, हे कमीच आहेत. वर्षाचे साडेतीनशे दिवस. तेरा वर्षं. २२,७५० तास. हा नुसता एका वहीचा आकडा. दहा अजून शिल्लक आहेत.

तुम्ही म्हणता वह्या काढल्या की सौ. उठून आत जाते, तिला या विषयात रस नाही. मला तसं वाटत नाही. रस नसलेला माणूस जागेवर बसून जांभई देतो. उठून जाणाऱ्याला काहीतरी बोलायचं असतं आणि बोललं तर भांडण होईल हेही ठाऊक असतं. पत्रात अकरा धंदे आले, मित्र आले, सासरे आले, मुलगा, नातू आले. तिचा उल्लेख चार वेळा आहे : तिचं नाव वापरलं, ती टोमणा मारायची, तिने सही दिली नाही, ती उठून जाते. मी पेन्सिलने मोजले.

नावाचं घ्या. नोकरीच्या नियमामुळे सगळं तिच्या नावावर, असं तुम्ही सहज लिहून गेलात. असे कागद माझ्या टेबलावर खूप आले. १९९३ मध्ये पंतप्रधान रोजगार योजना निघाली, सुशिक्षित बेरोजगारांना लाखापर्यंत कर्ज, तेव्हा तर फायलींचा ढीगच असायचा. अर्ज बाईच्या नावाचा, सही बाईची, आणि मी विचारलं की ‘कच्चा माल कुठून आणणार?’, तर बाई नवऱ्याकडे बघणार आणि उत्तर तो देणार. मीही त्याच्याचकडे बघून पुढचा प्रश्न विचारायची. माझीही चूक सांगून टाकते. एक बाई पोळी-भाजी केंद्रासाठी आली होती, एकटीच. नवरा जामीन राहायला तयार नव्हता म्हणून मी फाइल पुढे पाठवली नाही. तिने नंतर स्वतःच्या हिमतीवर केंद्र काढलं आणि आमच्याच शाखेचे सहा डबे तिच्याकडून यायचे. रोज दीड वाजता मी तिची भाजी खात होते. ती एका शब्दाने काही बोलली नाही, डब्यात मीठही कमी-जास्त झालं नाही. तर सांगायचं एवढंच की कागदावर बघाल तर हे अकरा धंदे तुमचे नाहीतच. मालक ती आहे. तुम्ही तिचे बिनपगारी दिवाणजी.

मराठी माणूस आणि धंदा हा विषय निघाला की कोणीतरी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव काढतोच. मीही काढते, पण चिकाटीचे गोडवे गायला नाही. त्यांच्या सुरुवातीच्या वर्षांची यादी केली तर ती तुमच्या यादीची थोरली बहीण वाटेल : सायकली, गुंड्या, औषधाच्या गोळ्यांच्या डब्या, कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर केला तर लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी हात लावेनात. बेळगावात १८८८ मध्ये सुरुवात आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली ती १९१० मध्ये. मधली बावीस वर्षं बाहेरून बघणाऱ्याला ‘ह्यांचो नवो धंदो इलो’ असंच वाटलं असणार. पण मला त्यातला दुसरा तपशील महत्त्वाचा वाटतो. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षणाच्या संस्थेत शिकवत होते, नोकरदार होते, तुमच्यासारखेच. सायकली मुंबईहून पाठवायचे ते, आणि बेळगावात गिऱ्हाईक सांभाळायचे थोरले भाऊ रामूअण्णा. नोकरदाराच्या जोडधंद्याला घरी कोणीतरी पूर्णवेळ लागतो, ही गोष्ट तेव्हाही खरी होती. फरक एवढाच की त्या दुकानाच्या पाटीवर ‘ब्रदर्स’ असं लिहिलेलं होतं.

आता व्हॅनिला. पत्रातली माझी सगळ्यात आवडती ओळ : ‘सासऱ्यांच्या पोफळीत व्हॅनिला लावली’. सासरे म्हणजे कोणाचे वडील, भाऊ?

त्या पिकाचं काम कसं असतं ते मी दापोलीकडे एका बागेत उभी राहून पाहिलंय. फूल सकाळी उमलतं, दुपारी मलूल होतं. मूळच्या मेक्सिकोत ते काम करणाऱ्या मधमाश्या आहेत, आपल्याकडे नाहीत, म्हणून माणसाने करायचं. डाव्या हातात फूल धरायचं, पुढची पाकळी खाली ओढायची, आतला इवलासा पडदा काडीच्या टोकाने वर उचलायचा आणि अंगठ्याने पराग आतल्या चिकट जागी दाबायचा. एका फुलाला एक शेंग. त्या सकाळी राहिलं ते राहिलं, दुसऱ्या दिवशी फूल खाली. ही युक्ती १८४१ मध्ये रियुनियन बेटावरच्या एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने शोधली आणि जगातली लागवडीची व्हॅनिला आजही बहुतेक त्याच पद्धतीने हाताने होते. जड हाताचं काम नाही ते. मी बघितली त्या बागेत एक आजी करत होत्या, बाभळीचा काटा घेऊन, आणि गप्पाही मारत होत्या. तुमच्या पोफळीत सकाळी सात ते अकरा कोणाचा अंगठा होता, ते मी विचारत नाही. तुमचा डेपो दहाला सुरू व्हायचा.

तुमचं चुकलं कुठे? त्या बाबतीत मी तुमच्या बाजूची आहे. एप्रिल २००० मध्ये मादागास्करला मोठं वादळ झालं, जगाची बहुतेक व्हॅनिला तिथूनच येते, भाव चढत गेला आणि २००३ च्या सुमाराला आपल्याकडे ओली शेंगसुद्धा हजारांत किलो झाली. केरळ-कर्नाटकात लोकांनी वेलांना राखण ठेवली. वेल फुलावर यायला तीन वर्षं, शेंग तयार व्हायला आणखी आठ-नऊ महिने. तोवर मादागास्कर सावरलं, इकडे आइस्क्रीमवाले कारखान्यातल्या कृत्रिम वासाकडे वळले, आणि भाव असा कोसळला की शेंगा काढायची मजुरी सुटेना. तिकडच्या वादळाचा अंदाज कुडाळला बसून कोणाला येणार होता? ज्यांनी घाटमाथ्यावर एकरांनी लावली होती तेही बसले. तुमची तर पोफळीतली हौस होती.

आणि ‘एकच धंदा धरून राहिलो असतो तर’ हे मात्र डोक्यातून काढा. कोणता धरला असता? व्हिडिओ कॅसेट? १९९१-९२ नंतर घराघरात केबल आली आणि कॅसेटवर बुरशी धरली. बूथ? २००३ मध्ये मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले. मार्च २००६ मध्ये देशात कुठेही रुपयात मिनिट झालं. तुमचा बूथ दसरा ९१ ला सुरू झाला आणि २००४ मध्ये तुम्ही तो बंद केला, असं त्याच पानाच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलंय. अगदी वेळेवर. माझ्या शाखेत अशा काही केबिनवाल्यांची खाती होती, ते २००८ पर्यंत ‘परत दिवस येतील’ म्हणत अनामत अडकवून बसले होते. धरून राहण्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे. सोडण्याची वेळ कळली, याचं कोणी कौतुक करत नाही, म्हणून मी करते. एकदाच करते. कारण पुढचा विषय बरा नाही.

सागवान. यावर तुम्ही एकच ओळ लिहिलीत आणि तिच्या शेवटी प्रश्नचिन्ह टाकलंत. अकरा धंद्यांत बाकी दहांमध्ये तुमचे किंवा घरचे पैसे होते. या एकात दुसऱ्यांचे होते. नव्वदच्या दशकातल्या त्या योजना मला चांगल्या आठवतात : आज थोडे हजार भरा, वीस वर्षांनी झाडं लाखांची. रंगीत कागदावर झाडाच्या नंबरासकट प्रमाणपत्र. डेपोतल्या मित्राने ते कंपनीकडे बघून घेतलं नाही. कंपनी त्याने पाहिलीही नव्हती. त्याने तुमच्याकडे बघून घेतलं, कारण हिशेबाच्या टेबलावरचा माणूस, सुरेख अक्षराचा, एक आकडा न खोडणारा. सेबी या गुंतवणूक बाजाराच्या नियामक संस्थेने १९९९ मध्ये अशा योजनांसाठी नियम केले आणि नोंदणी करा म्हटल्यावर बहुतेकांनी पळ काढला. तुम्ही फसवलं नाहीत, तुम्हीही फसलात, हे मला पूर्ण मान्य. पण एजन्सी होती, म्हणजे कमिशन होतं. ते वहीत ‘आले’ या बाजूला, त्या ३,७६,००० मध्ये बसलेलं असणार.

त्या वहीतली नावं काढा. काही जण आता नसतील, त्यांच्या घरी कोणी असेल. मुद्दल परत करा असं मी म्हणत नाही, ते तुमच्याकडे आलंच नव्हतं. कमिशन करा. रक्कम हास्यास्पद वाटेल, कोणाचे चारशे, कोणाचे नऊशे. लिफाफ्यात घालून स्वतः जा, पोस्टाने नको, आणि मुलाला पाठवू नका. समोरचा म्हणेल, ‘काय हे, कशाला, विसरलो होतो मी.’ विसरलेला नसतो. चहा घेऊन या.

मला वाटतं तुमची झोप या वहीने उडवली आहे. ४२,००० ने उडत नाही.

इमूकडे जरा हसत जाऊ. ‘राहूनच गेलं, सौ.ने सही दिली नाही.’ निवृत्तीच्या सुमाराची गोष्ट ना? ग्रॅच्युइटी हातात येणार, कोणीतरी येऊन सांगणार की पिल्लं घ्या, खाद्य आम्ही देतो, पक्षी आम्हीच परत विकत घेतो, दर महिन्याला इतके खात्यात. बाजारात त्या पक्ष्याचं मांस खाणारा कोण, तेल घेणारा कोण, हे कोणी विचारायचं नाही. फक्त पुढचा शेतकरी पिल्लं घेत राहिला की मागच्याला पैसे. २०१२ मध्ये तमिळनाडूत हा डोलारा कोसळला, हजारो लोकांचे पैसे बुडाले, आणि खाद्याविना पक्षी मेले. आपल्याकडेही लोकांनी ते उंच पक्षी माळावर सोडून दिले होते.

तुमच्या अकरा वह्यांत हा धंदा नाही, कारण सही मिळाली नाही. तुम्ही तो ‘राहिलेल्या’ सदरात टाकलात. मी कर्ज अधिकारी म्हणून सांगते, तुमच्या घरात सव्वीस वर्षांत घेतला गेलेला सगळ्यात चांगला धंद्याचा निर्णय तो, आणि तो कागदोपत्री मालकिणीने घेतला. त्या दिवशी ती काय म्हणाली होती? तुम्हाला आठवतं का? तिला नक्की आठवत असेल.

आता न्याहारी-निवास. कल्पना वाईट नाही. तारकर्ली-मालवणला येणारं माणूस वाढलंय, ऑक्टोबर २०२१ पासून चिपीचा विमानतळ आहे, सरकारच्या पर्यटन खात्याची तशी योजनाही आहे. मुलाचा विरोध बहुधा ‘आता या वयात कशाला’ छापाचा असेल, तो फार मनावर घेऊ नका. माझा प्रश्न वेगळा आहे. निवास तुम्ही बघाल. न्याहारी?

सकाळी साडेसातला घावणे आणि चटणी, नऊला उठणाऱ्या पाहुण्यासाठी पुन्हा तवा तापवायचा, ‘काकू, जरा फिका चहा मिळेल का’, चादरी, पडदे, न्हाणीघर. तुम्ही ७२, म्हणजे त्या सत्तरीच्या आसपास असतील. हा बारावा धंदा त्यांना विचारल्याशिवाय तुम्ही मला पत्रातून विचारलात, हे त्यांच्या कानावर गेलं तर काय होईल ते बघा. त्यांना विचारा, आणि ‘करूया का?’ असं नको, त्याला ‘तुमची मर्जी’ हे उत्तर ठरलेलं आहे. विचारा, ‘स्वयंपाकाला बाई ठेवली आणि पैशाचे व्यवहार तू बघितलेस, खातं तुझं, एटीएम कार्ड तुझ्याकडे, तर तुला हे करावंसं वाटेल का?’ हो म्हणाल्या तर करा, एका खोलीने सुरुवात करा. नाही म्हणाल्या तर इमू आठवा आणि वरच्या मजल्यावर कॅरम मांडा.

पुस्तक मात्र लिहू नका. म्हणजे, ‘माझ्या अनुभवातून नव्या पिढीला’ वगैरे. तशी खूप आहेत आणि नातू मनापासून बोलला असला तरी तो वाचणार नाही. वह्या रद्दीतही देऊ नका. रद्दीवाला किलोला जे देईल त्यात दोन नारळ येणार नाहीत. पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, स्लॅबच्या घराला माळा नसला तरी पलंगाखाली जागा असते. एकच वही बाहेर ठेवा, बूथची. बांधकाम सुरू व्हायच्या आधी, जुन्या पडवीत अजून बसता येतंय तोवर, एक दिवस दिवेलागणीनंतर ती घेऊन सौ.जवळ बसा. बेरीज-वजाबाकी दाखवू नका. पान उघडा आणि विचारा, ‘रात्री अकरानंतर सगळ्यात शेवटी कोण यायचं गं फोनला?’ मग ती सांगेल ते समासात लिहा. तारीख चुकली तरी दुरुस्त करू नका, तुमचा हात शिवशिवेल, तरी नाही. नातवाला हवं असेल तर हेच द्या, समास भरलेली वही.

उठून आत गेली तर त्या दिवशी सोडून द्या. चार दिवसांनी परत.

आणि त्या पानावरची कोरी जागा. सोसायटीचे दहा हजार तुम्ही अडीच वर्षांत फेडलेत, व्याजासकट, लाल शाईने नोंद करून. बांगड्या मोडून आलेले आठ हजार त्याच दिवशी ‘भांडवल’ झाले आणि तिथेच राहिले. १९९१ मध्ये दहा ग्रॅम सोनं साडेतीन हजारांच्या आसपास होतं, आज लाखाच्या वर आहे. म्हणजे रुपयांत फेडायला जाऊ नका, तो हिशेब सोसायटीशी चालला, इथे चालायचा नाही. सोनाराने घट धरून पैसे दिले असणार, त्याची चिठ्ठी तुमच्यासारख्या माणसाने वहीला टाचून ठेवलेली असणार, पहिल्या पानाच्या मागे बहुतेक. झेरॉक्समध्ये टाचणीचा गंज दिसतो आहे. तीवर वजन लिहिलंय का, तेवढं बघा.